पाणकावळा की पानकावळा?

प्रश्न असा आला आहे: जलाशयावर सकाळी पक्षी पाहून दोघं परतले. एकाने यादीत 'पानकावळा', 'पानकोंबडी' असं लिहिलं, तर सोबत्याने दोन्हीकडचा 'न' खोडून 'ण' केला. बरोबर कोण?

सोबती. ही नावं पाण्यावरून पडली आहेत. समासात 'पाणी' आधी आलं की पुष्कळदा त्यातला ईकार गळतो आणि 'पाण' उरतं. पाणवठा, पाणलोट, पाणथळ, पाणकणीस ही सगळी तशीच. लोणकढ्या तुपात 'लोणी'चंही हेच झालंय.

'पान' मात्र वेगळ्या घरचं. गंमत म्हणजे संस्कृतात पाण्यात 'न' होता (पानीय) आणि पानात 'ण' (पर्ण)! प्राकृतात पानीयचं 'पाणिअ' झालं, पर्णाचं 'पण्ण'. मराठीने एकटा ण तसाच ठेवला आणि जोड ण्णचा न केला. अशी ही अदलाबदल. कर्णाचा कान आणि चूर्णाचा चुना याच वाटेने आले. 'जन'चा 'जण' झाला तो पाण्याच्या वाटेने. वऱ्हाडी बोलीत 'पानी'च म्हणतात, तेव्हा तिथे कोणी 'पानकावळा' म्हणालं तर ते चूक कसं म्हणणार? प्रमाण लेखनात मात्र ण हवा.

पाणकावळा खरं तर कावळ्याच्या कुळातला नव्हे, नुसता काळा. त्याच्या पिसांच्या कडा भिजतात, त्यामुळे बुडी मारणं सोपं जातं. मग वाळक्या फांदीवर पंख पसरून सुकवत बसतो. इंग्रजीतल्या 'कॉर्मोरंट'च्या मुळाशीही लॅटिनमधला 'समुद्रकावळा'च आहे, म्हणजे कावळा फक्त आपल्यालाच दिसला असं नाही.

पाणकोंबडी पाणकणसांच्या बुडाशी आखूड शेपटी झटकत फिरते. झटक्यासरशी शेपटीखालचा तांबूस रंग दिसतो, आणि आपण दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत ती आत गेलेली असते.

'पानकोंबडी' अगदीच वाया घालवायची नसेल, तर एक पक्षी आहे तिच्या लायकीचा. लांबलचक बोटं पसरून तरंगत्या पानांवर पाऊल टाकत चालतो, आणि पान बुडत नाही. पण त्याला कमळपक्षी हे नाव आधीच मिळालंय, आणि ते जास्त देखणं आहे.