‘डाएट संपलं’ म्हणालास म्हणून लिहितोय

काय हिरो,

परवा रात्री तुझा मेसेज आला, काट्याचा फोटो, ७४.० आणि खाली ‘काका झालं! डाएट संपलं एकदाचं’. बघून लई बरं वाटलं बघ. ९३ चा ७४ म्हणजे १९ किलो, ते पण सात महिन्यात, आणि आमराईत पहिल्यांदा आलेलास तेव्हा दोन राउंडमध्ये धापा टाकत बाकावर बसलेलास ते मला अजून दिसतंय. मी अंगठा पाठवला खरा पण त्या ‘संपलं’वर माझी गाडी अडकली. म्हणून हे एवढं मोठं टाइप करत बसलोय, निवांत वाच.

मी पण असाच म्हणलेलो. डिसेंबर २०१८, १०३ चा ८२. अडतीवरच्या हमालांना पेढे वाटले, टेलरकडं जाऊन सगळ्या पँटी आत घ्यायला टाकल्या आणि वर त्याला सांगितलं, आतलं जादाचं कापड कापून टाक, परत लागणार नाय. टेलर म्हातारा माणूस, म्हणला, राहू द्या की दिवाणजी, आत राहून काय खातंय व्हय ते. मी ऐकलं नाही.

मग ऑगस्ट २०१९. तू तेव्हा शाळेत असशील नाहीतर नुकताच बाहेर पडलेला असशील, पण सांगलीचा पूर तुला आठवत असणारच. आमचं घर गावभागात, तळमजला पूर्ण पाण्यात. दहा दिवस विश्रामबागला मेव्हण्याकडं, अकरा माणसं दोन खोल्यात, सकाळी पोहे दुपारी भात रात्री भात आणि मध्ये बिस्किटाचे पुडे. त्यानंतर तीन आठवडे घरातला चिखल काढला. त्या चिखलात वजनकाटा सापडला, काच फुटलेली, तो टाकून दिला आणि नवा घेतला नाही. घरात फ्रीज नाही, गाद्या नाहीत, तिथं काटा कोण आणतंय, असं मी सगळ्यांना सांगायचो आणि तेव्हा ते खरंही होतं. पण दिवाळीपर्यंत फ्रीज आला, गाद्या आल्या, टीव्ही सुद्धा आला. काटा काय आला नाही. पुढं लॉकडाउन लागला. जून २०२० ला एका मेडिकलच्या दारातल्या काट्यावर सहज उभा राहिलो तर ९८.

१६ किलो, आणि मी काय रोज बकासुरासारखं खात नव्हतो. दिवाणजीची खोड, घरी येऊन हिशोब मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. ढोबळमानानं, पुरापासनं त्या दिवसापर्यंत दिवसाला चारशे कॅलरी जादा जात होत्या. चारशे म्हणजे काय? चहाच्या एका चमचा साखरेत २० कॅलरी. कपाला दोन चमचे धर, दिवसाला आठ कप, कारण अडतीवर शेतकरी आला की चहा, व्यापारी आला की चहा, सौदे संपले की चहा, आणि लॉकडाउनमध्ये घरी कंटाळा आला की चहा. झाले ३२०. वर येता जाता दोन मुठी भडंग. चुरमुरे हलके असतात रे, पण त्यातलं तेल आणि शेंगदाणे काय हलके नसतात. म्हणजे वजन वाढताना मला कधी काही खाल्ल्यासारखं वाटलंच नव्हतं, आणि तुला पण वाटणार नाही.

आता शरीराचं ऐक, कारण तुला वाटेल काकांची जीभच ढिली. आपण वजन उतरवलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. चरबी कमी झाली की लेप्टिन कमी होतं, म्हणजे मेंदूला ‘साठा आहे’ म्हणून सांगणारं हार्मोन, आणि भूक लावणारं घ्रेलिन वाढतं. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला, ५० जणांना दहा आठवडे एकदम कमी कॅलरीवर ठेवून वजन उतरवलेलं, तर वर्षानंतर सुद्धा त्यांची ही हार्मोन्स पहिल्या जागेवर आली नव्हती. वर्षानंतर! आणि आपण डाएट संपलं म्हणून पेढे वाटतो.

अमेरिकेत केविन हॉल म्हणून एक शास्त्रज्ञ आहेत, त्यांचं २०१६ चं गणित तर मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय. उतरवलेल्या दर किलोमागं शरीराचा खर्च दिवसाला २० ते ३० कॅलरीनं घटतो, पण भूक साधारण १०० कॅलरीनं वाढते. म्हणजे १० किलो उतरवलेल्या माणसाचा खर्च २००-३०० नं कमी आणि भूक हजारानं जास्त. त्यांनीच वजन उतरवायच्या एका टीव्ही शोमधल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी परत तपासलं. सरासरी ५८ किलो उतरवलेलं, त्यातलं ४१ परत चढलेलं, आणि त्यांचं शरीर बसल्याजागी जेवढं जाळायला पाहिजे त्यापेक्षा दिवसाला ५०० कॅलरी कमीच जाळत होतं. घाबरवत नाहीये तुला. दोन महिन्यांनी रात्री अकराला उठून तू फ्रीज उघडशील तेव्हा ‘आपल्यातच दम नाही’ असलं काही मनात आणू नकोस, एवढ्यासाठी सांगतोय. ती भूक खरी असणार आहे.

अजून एक किस्सा. १९४४-४५ ला मिनेसोटा युनिव्हर्सिटीत अन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, युद्धावर जायला नकार दिलेली पोरं ती, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलेलं. पोरं ताटं चाटायला लागली, पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागली, दुसरा विषयच नाही. प्रयोग संपल्यावर कितीतरी दिवस खातच सुटली. तू मला रात्री मिसळीचे व्हिडिओ पाठवतोस ना, त्यावरून आठवलं.

बरं, मग करायचं काय. मी जे केलं ते सांगतो. सगळं तुला लागू पडेलच असं नाही.

त्याच २०२० च्या पावसाळ्यात गॅलरीत बसून मोबाईलवर पाणीपातळी बघत होतो. आपल्याकडं जून ते सप्टेंबर दुसरं असतं काय, ‘आयर्विनला किती?’ हाच प्रश्न, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, शेंबड्या पोराला पण पाठ. २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं. कोयनेतनं पाणी सोडलं की ते लगेच सांगलीत येत नाही, वेळ लागतो, तेवढ्या वेळात आपण सामान माळ्यावर टाकतो, गाड्या वर नेऊन लावतो. तेव्हा डोक्यात आलं, नदीचं फूट-फूट मोजणारा मी माणूस, आणि स्वतःचं वजन ८२ वरनं ९८ वर गेलं तरी बघितलं नाही. नवा काटा त्याच आठवड्यात आणला. परत उतरवायला सव्वा वर्ष लागलं, ८३ वर थांबलो, आणि थांबलो त्याच दिवशी वहीत लिहिलं: इशारा पातळी ८५, धोका पातळी ८७.

नंतर कळलं की हे माझं डोकं काय नवीन नव्हतं. रीना विंग म्हणून संशोधक बाई आहेत, त्यांनी २००६ ला असाच प्रयोग छापलाय, वजन उतरवलेल्या लोकांना रोज काट्यावर उभं करायचं आणि सिग्नलसारखे हिरवा पिवळा लाल पट्टे ठरवून द्यायचे, पिवळ्यात गेलं की जरा आवरायचं, लालमध्ये गेलं की परत पूर्ण डाएट. ज्यांना समोरासमोर भेटून हे शिकवलं त्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा बरंच कमी परत चढलं. आपल्याला सिग्नलपेक्षा नदी जास्त कळते एवढंच.

तुझी इशारा पातळी ७६ धर, धोका ७८. ७६ दिसलं की काय करायचं ते आजच लिहून ठेव, तेव्हा ठरवू म्हणशील तर कधीच ठरणार नाही. माझं असं: चहातली साखर बंद, रात्रीचा भात बंद, भडंगाचा डबा शेजारी, आणि जे खाल्लं ते संध्याकाळी वहीत, किर्द लिहितो तसं. दोन-तीन आठवड्यात खाली येतो. ८७ ला एकदाच गेलोय, २०२१ च्या पुरानंतर, तेव्हा दीड महिना पहिल्यासारखं कडक डाएट केलं. आणि एक बघ, ४१ फूट झालं म्हणून आपल्या गल्लीत कुणी ‘आता काय, बुडालोच’ म्हणून नदीत उडी मारत नाही. पण वजनाच्या बाबतीत लोक अगदी हेच करतात, लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या की ‘गेलं डाएट’ म्हणून पुढचे चार दिवस सुटतात.

लग्नाचं निघालंच आहे तर ऐक. दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो जास्त दाखवणार, दचकू नकोस. एका पंगतीत दीड किलो चरबी चढवायची तर साडेअकरा हजार कॅलरी जादा खायला लागतील, तेवढं तुझ्याच्यानं होणार नाही. ते मिठाचं आणि भाताचं धरलेलं पाणी असतं. पावसाळ्यात हळदीचं पोतं ओल धरतं आणि काट्यावर जास्त भरतं तसंच, हळद काय वाढलेली नसते. म्हणून रोज वजन कर पण आठवड्याची सरासरी काढ, पातळीला ती लाव. रोजचा आकडा बघून तुझं डोकं फिरत असेल, जेवण टाळावंसं वाटत असेल, तर काटा ठेवून दे आणि पट्ट्याचं भोक बघत जा, चालतंय.

चालणं सोडायचं नाही. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही आहे, १३-१४ किलो उतरवून किमान वर्षभर टिकवलेल्या लोकांची, दहा हजारांच्या वर नावं. त्यातले जवळपास ९० टक्के लोक दिवसाला सरासरी तासभर व्यायाम करतात, जास्त करून चालणंच, आणि ७५ टक्के आठवड्यातनं निदान एकदा वजन करतात. आता ही स्वतःहून नाव नोंदवलेली माणसं, जी हरली ती कशाला नोंदवतील, तेव्हा त्यातनं सगळंच सिद्ध होतंय असं नाही. पण एक गोष्ट मला धीर देते, दोन वर्षं टिकवलं की पुढं टिकवायची शक्यता पुष्कळ वाढते असं त्यांच्यात दिसलंय.

नुसतं चालून भागणार नाही हे मात्र मला उशिरा कळलं. तालमीतला पैलवान तालीम सोडतो आणि खुराक तसाच ठेवतो, मग सुटतो, आपण बघतोच की गल्लोगल्ली. तुझं थोडं उलटं झालंय, वजनाबरोबर थोडे स्नायू पण गेलेत, म्हणून बैठका, दंड, जमेल ते आठवड्यातनं तीनदा कर, आणि जेवणात मटकी, हुलगा, अंडी, ताक असं काहीतरी रोज असू दे.

भाकरीबद्दल विचारलं होतंस. शाळूची भाकरी चांगलीच, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं असा माझा अनुभव, पण शंभर ग्रॅम पिठात कॅलरी साधारण ३५०, गव्हात पण जवळपास तेवढ्याच. तेव्हा भाकरी आहे म्हणून चार खायच्या असं नाही. बेदाण्याचं तेच. तासगावचा माणूस म्हणणार नैसर्गिक आहे, खा. शंभर ग्रॅम द्राक्षात ७० कॅलरी, शंभर ग्रॅम बेदाण्यात ३००. मूठ मोजून घे.

ती वजन उतरवायची, आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शनं तुझ्या मित्रानं सुरू केलीयत म्हणालास. वाईट नाहीत, पण सेमाग्लुटाइड म्हणून त्यातलंच एक औषध आहे, त्याच्या अभ्यासात बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलेलं. त्याला म्हणावं, चालू करतानाच डॉक्टरला विचार बंद कधी आणि कसं करायचं.

आणि ७४ च्या खाली जायच्या नादाला लागू नकोस. तुझ्या आईचं बरोबर आहे, चेहरा उतरलाय. कॅलरी एकदम वाढवू नकोस, दर आठवड्याला थोडी, एक भाकरी धर, आणि काटा काय म्हणतोय बघ. ७५ वर टिकलास तरी मी पेढे वाटीन. अर्धा पेढा.

रविवारी सहाला आमराईत ये, मागच्या गेटनं. मी असेनच, कारण गेल्या आठवड्यात भाचीचं लग्न झालं, आणि या आठवड्याची माझी सरासरी ८५.३ आहे. डबा कालच शेजारी दिलाय.

तुझा,
दिवाणजी काका