उपग्रहाची चित्रं वाचायला शिकताना

सुरुवातीलाच पाच-सहा कोर्सेसना नाव घालू नकोस. आधी अमेरिकेतल्या कॉमेट या हवामान-प्रशिक्षण कार्यक्रमाचं ‘मेटएड’ हे ऑनलाइन धड्यांचं संकेतस्थळ उघड. नोंदणी फुकट आहे आणि पायाभूत धडे फार मायेने बांधलेत. युरोपचं ‘यूमेट्रेन’ हे तसंच संकेतस्थळ नंतर, प्रत्यक्ष वादळांच्या अभ्यासासाठी.

पण नुसते धडे वाचून नजर तयार होत नाही. रोज दुपारी इन्सॅट-३डीएस या भारतीय हवामान उपग्रहाची दृश्य (सूर्यप्रकाशातलं) आणि अवरक्त (उष्णतेचं, थंड ते उजळ दाखवणारं) अशी एकाच वेळची दोन चित्रं शेजारी ठेव. दृश्य चित्रात लख्ख पांढरा दिसणारा खालचा ढग अवरक्तात करडा पडतो, कारण त्याचा माथा उबदार असतो. उंचावरचा विरळ, पिसासारखा सिरस ढग थंड असतो, म्हणून तो मात्र तिथे उजळ दिसतो. या उपग्रहाच्या इमेजरला, म्हणजे चित्रं घेणाऱ्या उपकरणाला, सहा चॅनेल (प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे) आहेत. त्यातलं बाष्पाचं चित्र महिनाभराने घेतलंस तरी चालेल. निरीक्षणांची वही मात्र आजच कर, तारीख-वेळ घालून.