पहिल्या उत्खननाला जाताना

पुणे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

उत्खननाला निघण्याआधी काय वाचू, असं तू विचारलंस. वाचायचं ते येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात आहे आणि तुझे शिक्षक ते सांगतीलच. मी हाताने करायच्या कामाबद्दल लिहितो. एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात पक्की कर. प्रयोगशाळा तिच्याकडे आलेल्या कोळशाच्या तुकड्याचं वय सांगते, त्या जागेचं नव्हे. तो तुकडा कोणत्या चुलीतला, कोणत्या भुईवरचा, हे खड्ड्यात उतरलेल्या माणसालाच सांगावं लागतं. त्याने ते चुकीचं सांगितलं, तर पुढचं सगळं गणित बिनचूक असूनही उत्तर चुकतं.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना, जमीनमालकाची संमती, तंबू, पाणी, मजुरी ही उत्खनन प्रमुखाची डोकेदुखी. तू पोचेपर्यंत पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर चौकटी आखून झालेल्या असतील. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी 1944 पासून तक्षशिलेच्या प्रशिक्षण शिबिरातून आपल्याकडे रुजवलेली ही पद्धत. साधारणपणे 10 बाय 10 मीटरचा चौकोन, त्याचे चार भाग, आणि शेजारच्या दोन खड्ड्यांमध्ये न खणता राखलेली मातीची भिंत, म्हणजे बाल्क. चालायला सोय म्हणून बाल्क ठेवतात असं नव्यांना वाटतं. खरं तर तिची उभी बाजू, म्हणजे सेक्शन, हा एकमेव पुरावा मागे उरतो, कारण बाकीचं सगळं आपण खणून संपवतो. म्हणून तिच्यावर बसायचं नाही, कडेला पाय देऊन उतरायचं नाही, आणि ओळंबा लावून ती रोज सरळ ठेवायची.

खोली मोजताना एक घोळ हमखास होतो. खोली नेहमी पक्क्या केलेल्या एकाच बिंदूपासून मोजायची, पायाखालच्या जमिनीपासून नाही, कारण टेकाड उतरतं असतं. आणि खोली सारखी म्हणजे काळ सारखा, हे तर कधीच धरू नको. थरही उतरते असतात. चौकोनाच्या एका कोपऱ्यात 60 सेंटिमीटरवर जी भुई लागते, तीच समोरच्या कोपऱ्यात 85 वर असू शकते. थराच्या आत 5 ते 10 सेंटिमीटरचे टप्पे करून खणायचं, पण माती बदलली की टप्पा अर्ध्यात सोडायचा. मातीचा रंग, कठीणपणा, राखेचं प्रमाण, यातलं काहीही बदललं तरी थांब. मजूर कुदळ उचलायच्या आत थांब म्हणायला शीक. इथे भिडस्तपणा कामाचा नाही.

आता त्या काळच्या माणसांनीच खणलेल्या खड्ड्यांबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्याकडच्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगडी हत्यारं दोन्ही वापरणाऱ्या लोकांच्या, जागांवर खरी परीक्षा तिथेच होते. शिरूर तालुक्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव घे. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 पासून 1983 पर्यंत काम केलं. माळवा, आद्य जोर्वे, उत्तर जोर्वे अशा तीन कालखंडांची वस्ती, ढोबळमानाने इ.स.पू. 1600 ते 700. ही माणसं लहान मूल दगावलं की घराच्याच भुईत खड्डा घेत आणि दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात त्याला पुरत. धान्यासाठी पेवं खणत, ती वेगळीच. म्हणजे उत्तर जोर्वे काळातला कुंभ आद्य जोर्वेच्या थरात अर्धा मीटर आत जाऊन बसलेला असतो. खोलीवर विसंबलं, तर तो शे-दोनशे वर्षांनी जुना ठरतो.

हे ओळखायचं कसं? सगळा चौकोन ट्रॉवेलने, म्हणजे लहान थापीने, हलक्या हाताने तासून सपाट कर. घाई असली तरी तुकड्यातुकड्याने तासू नको. मग फवाऱ्याने अगदी थोडं पाणी मार आणि पाच-दहा मिनिटं थांब. खड्ड्यातल्या भरावाची माती भुसभुशीत असते, तिच्यात राख असते. ती पाणी आधी पिते आणि वेगळ्या वेळी वाळते. तेवढ्यात कड दिसते. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर बघ, भर दुपारी काहीही दिसत नाही. कड दिसली की तिच्यावर खिळे रोव, फोटो घे, आणि आधी निम्माच खड्डा रिकामा कर. उरलेल्या निम्म्या भागात त्याचा उभा छेद मिळतो. खड्डा कोणत्या भुईतून खणला आणि त्याच्या तोंडावर कोणता थर पसरला, ही दोन उत्तरं वहीत लिहिल्याशिवाय दुसरा निम्मा भाग काढायचा नाही. नियम सोपा आहे: जे शेवटी घडलं ते आधी काढायचं.

काळ्या मातीचा आणखी एक त्रास. उन्हाळ्यात तिला हात-हात भेगा पडतात. वरचा मणी किंवा लहान नाणं त्यातून घरंगळत खाली जातं आणि पावसाळ्यात भेग मिटते. उंदरांची आणि घुशींची बिळं हेच काम करतात. त्यामुळे एखाद्या थरात एकटाच सातवाहन काळचा मणी सापडला, तर थराचं वय बदलायला धावू नको. आधी तासून बघ, जवळपास भेग आहे का. नाण्याचंही तसंच. त्यावर राजाचं नाव वाचता आलं तर थर त्या राजाच्या आधीचा नाही एवढंच कळतं. नंतरचा किती, ते कळत नाही. नाणी पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

आता कोळसा. कार्बन-14 पद्धत अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनी 1949 मध्ये मांडली. सजीव मेला की त्याच्यातला कार्बन-14 ठरावीक गतीने घटत जातो, त्यावरून वय काढतात. अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ, 5730 वर्षं, पोच साधारण 50 हजार वर्षांपर्यंत. नमुना बोटांनी उचलू नको. स्वच्छ ट्रॉवेलने किंवा चिमट्याने उचल आणि ॲल्युमिनियम फॉइलमध्ये ठेव. कागद, कापूस नको, तोही कार्बनच. आजच्या झाडांची तंतूसारखी मुळं त्यात शिरलेली असतात, ती तिथेच दाखवून नोंद कर. सावलीत वाळव, नाहीतर बुरशी धरते. चिठ्ठीवर जागा, खड्डा, थर, खोली, तारीख, आणि शेजारी काय होतं ते. एक चिठ्ठी पिशवीच्या आत, एक बाहेर. बाहेरची हमखास फाटते.

निवडायला वाव असेल तर लाकडाच्या कोळशापेक्षा जळकं धान्य घे. जुन्या सागवानी खांबाचा आतला गाभा खांब तोडला त्याच्या शंभर वर्षं आधीचा असू शकतो, आणि कार्बन त्या गाभ्याचं वय सांगतो. जवाचा दाणा एका हंगामाचा असतो. पूर्वी काही ग्रॅम कोळसा लागायचा. कार्बनचे अणू थेट मोजणाऱ्या त्वरक यंत्रावर आता एक दाणाही पुरतो. दाणे मिळवायला चुलीजवळची आणि पेवातली माती बादलीत पाण्यात कालवायची, वर तरंगेल ते बारीक चाळणीवर ओतायचं. कंटाळवाणं काम आहे, आणि माझ्या मते अख्ख्या हंगामातलं सगळ्यात मोलाचं.

अहवाल येईल तेव्हा त्यातला ± पुढचा आकडा वाच. तो एका प्रमाण विचलनाचा असतो, म्हणजे खरं मोजमाप त्या पट्ट्यात असण्याची शक्यता 68 टक्के. शिवाय अहवालातलं ‘आजपूर्व’ (BP) म्हणजे 1950 च्या आधी, आणि ती वर्षं कॅलेंडरची नव्हेत. वृक्षवलयांवरून बनवलेल्या वक्रावर ती बसवावी लागतात. हा वक्र इ.स.पू. 800 ते 400 च्या दरम्यान जवळजवळ सपाट आहे. उत्तर जोर्वे संपून लोहयुग स्थिरावतं तो हाच काळ, म्हणजे नेमकं हवं तिथेच उत्तर तीन-चारशे वर्षांत पसरतं. एकच नमुना तिथे निरुपयोगी. एकावर एक असलेल्या थरांतले पाच-सहा नमुने क्रमाने दिले तर पट्टा आवळता येतो, आणि तो क्रम पुन्हा तुझ्या वहीतूनच येतो.

खापरासाठी तप्तदीप्ती पद्धत आहे. भांडं शेवटचं कधी तापलं ते ती सांगते. वाळूसाठी प्रकाशदीप्ती, म्हणजे कण शेवटचे उन्हात कधी होते. त्यासाठी सेक्शन ताजा तासून पोलादी नळी ठोकतात आणि काळ्या कापडाखाली दोन्ही तोंडं बंद करतात. क्षणभर ऊन लागलं तर त्या कणांचं घड्याळ शून्यावर. शेजारची माती ओलाव्याच्या आणि किरणोत्साराच्या मोजणीसाठी वेगळी घ्यायची, ती लोक विसरतात.

थराशी नातं पक्कं नसलं की काय होतं ते बघ. जुन्नरजवळच्या बोरीला कुकडीकाठी ज्वालामुखीची राख आणि दगडी हत्यारं सापडतात. राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीची, असं काही म्हणतात; काहींच्या मोजणीत ती कित्येक लाख वर्षं जुनी. नदीने राख वाहून पुन्हा पसरली का, हाही वाद आहे. तसंच अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या दायमाबादच्या कांस्य प्रतिमा पाहा. 1974 मध्ये गावकऱ्याला झाडाचं मूळ खणताना त्या मिळाल्या. चार वस्तू, 60 किलोंहून जास्त वजन. थर हाताशी नाही, म्हणून वयावर अजून एकमत नाही.

वही पेन्सिलीने लिही, शाई पाण्याने पसरते. रोज संध्याकाळी, जेवणाआधी. खापरं धुण्याच्या पाळीला टाळाटाळ करू नको. टबात दोन थरांची खापरं एकत्र पडली की ती पुन्हा वेगळी होत नाहीत. एका वेळी एकच पिशवी उघडायची, चिठ्ठी टबाच्या काठावर दगडाखाली ठेवायची, आणि खापरं वाळली की पिशवीत परत भरून मगच दुसरी.

डिसेंबरात नदीकाठी पहाटे फार गारठा असतो. जाड रजई ने.

तुझा,
एक जुना उत्खननवाला