वाचकांचे प्रश्न : टॅग एका कॉम्प्युटरवर दिसतो, दुसऱ्यावर नाही

प्रश्न : नौपाड्यातल्या ऑफिसचा कॉम्प्युटर आणि घोडबंदर रोडला घरचा लॅपटॉप, दोन्हींवर थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये एकच आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारं) खातं आहे. ऑफिसात मेलला लावलेले ‘इम्पॉर्टंट’, ‘वर्क’ हे टॅग घरी दिसतात. मी बनवलेले ‘जीएसटी’, ‘ऑडिट’ (इंग्रजीत टाइप केलेले) मात्र गायब. कर सल्लागार असल्याने हेच टॅग लागतात. – एक वाचक, ठाणे

उत्तर : टॅग बहुधा घरी पोचलेत, फक्त लॅपटॉपला त्यांची ओळख नाही. सर्व्हरवर मेलला चिकटतो तो टॅगचा छोटा सांकेतिक शब्द. त्याचं दिसणारं नाव आणि रंग त्या-त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये राहतात. थंडरबर्डचे मूळ पाच टॅग सगळीकडे सारखेच, म्हणून ते दिसतात.

लॅपटॉपवर सेटिंग्ज, जनरल, टॅग्ज इथे ‘न्यू’ दाबून तेच नाव त्याच स्पेलिंगने टाका. लहान-मोठी अक्षरं चालतात, कारण सांकेतिक शब्द लहान अक्षरांतच बनतो. नाव जुळलं की जुन्या मेलवरचे टॅगही रंगासकट उमटतील.

खरी गोची नाव बदलल्यावर होते. ‘ऑडिट’चं नंतर ‘ऑडिट २०२५’ केलं असेल, तरी आतला शब्द पहिलाच राहतो. घरी थेट नवं नाव टाकलंत तर तो वेगळाच टॅग ठरतो. आधी जुन्या नावाने बनवा, मग ‘एडिट’ने बदला. जुनं नाव विसरला असाल तर ऑफिसात जनरलच्या तळाशी कॉन्फिग एडिटर उघडून ‘मेलन्यूज डॉट टॅग्ज’ रोमन अक्षरांत शोधा. त्याच्या पुढे, शेवटच्या ‘टॅग’च्या आधी, मूळ शब्द सापडतो.

टॅग दोन्हीकडे सगळेच बनवा, अर्धेमुर्धे नकोत. मेल निवडून आकड्याची कळ दाबली की टॅग लागतो, आणि या कळा यादीतल्या क्रमाने चालतात; पहिल्या पाच मूळ टॅगच्या. घरी नुसता ‘जीएसटी’ असेल तर ६ दाबल्यावर तो लागेल. ऑफिसात त्याच कळीवर ‘ऑडिट’ असेल. मार्चअखेरीच्या घाईत हा घोळ लक्षातही येत नाही.

प्रश्न : वाशीच्या गाळ्यावर आणि घरी, दोन्हीकडे पॉप (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं) खातं आहे. तिथे हे चालेल? – एक व्यापारी, नवी मुंबई

उत्तर : नाही. पॉपमध्ये टॅग सर्व्हरवर जातच नाही, तो त्या कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये लिहिला जातो. आहे त्या खात्याचा प्रकार बदलता येत नाही. तोच पत्ता आयमॅप म्हणून नव्याने जोडा (पोर्ट ९९३). पॉपचं खातं लगेच काढू नका. थंडरबर्ड बंद करून प्रोफाइल फोल्डरची (थंडरबर्डचे मेल आणि सेटिंग ज्यात असतात त्याची) प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, मग आयमॅप खात्यात वेगळा फोल्डर करून त्यात आधी पाचच मेल कॉपी करा. इनबॉक्समध्ये ओढलेत तर सर्व्हरवर राहिलेल्या मेलच्या दुहेरी प्रती होतील. पाचही मेलचे टॅग घरी दिसले की बाकीचे न्या.

प्रोफाइल क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवून दोन्हीकडून उघडायचा ‘जुगाड’ मात्र नको. एकाच वेळी दोन्हीकडे चालू राहिलं की फाइली बिघडतात.