पहिल्यांदाच नाताळात वांद्र्याला जाताय? मग हे वाचा

पहिली गोष्ट, गाडी नेऊ नका. हिल रोडला २० डिसेंबरनंतर पाय ठेवायला जागा नसते आणि रणवार या जुन्या गावठाणाच्या आणि चॅपल रोडच्या गल्ल्यांत पार्किंगचं नावच काढू नका, वांद्रे स्टेशनला वेस्टला उतरून सरळ चालत सुटा.

बरेच जण माउंट मेरी चर्चला सेल्फी काढतात आणि परत फिरतात, माझ्या मते खरी मजा गावठाणात आहे. रणवारमध्ये संध्याकाळी सातनंतर जा, लाकडी जिने आणि कौलारू छपरांची जुनी घरं, प्रत्येक दारावर कागदी चांदणी लटकलेली, आत दिवा, आणि कोपऱ्यावरच्या क्रॉसला झेंडूचे हार. असे बरेच क्रॉस १८९६ च्या प्लेगच्या काळात उभारलेत, तेव्हा त्यावर टेकून फोटो वगैरे नको. आणि ही लोकांची राहती घरं आहेत हो, खिडकीतून कॅमेरा घालणारे महाभाग दरवर्षी दिसतातच.

ईस्ट इंडियन म्हणजे इथले मूळचे ख्रिस्ती लोक, त्यांची बोली मराठीचीच, त्यामुळे बिनधास्त मराठीत बोला. कोणी कुस्वाड म्हणजे फराळाचं ताट पुढे केलं तर नाही म्हणू नका, कलकल (तळलेला गोड पदार्थ) आणि पेरूचं चीज (म्हणजे पेरूची वडी) आधी उचला, केक कुठेही मिळतो.

मिडनाइट मास, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीची चर्चमधली प्रार्थना, नावालाच मिडनाइट, बऱ्याच ठिकाणी लवकर असतो, चर्चच्या बोर्डावर वेळ बघून घ्या. बिगर-ख्रिस्ती असाल तरी मागे बसायला कुणी अडवत नाही, फक्त कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यांच्या रांगेत घुसू नका आणि फोन सायलेंटवर.