वाचकांचे प्रश्न : रिपोर्टमधला ‘एच’ कोणाचा?

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीचं अल्कलाइन फॉस्फेटेज ३१० आलंय, पुढे ठळक ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त). छापलेली मर्यादा ४० ते १३०. एसजीपीटी, बिलिरुबिन ठीक आहे. लिव्हरचं काही असेल का? – एक आई, सांगली

उत्तर : ४० ते १३० ही मर्यादा मोठ्या माणसांची आहे. हे एन्झाइम लिव्हरप्रमाणे वाढत्या हाडांतूनही रक्तात येतं. आठव्या वर्षी ३०० च्या आसपासचा आकडा नेहमीचाच. वयात येताना तो आणखी चढतो, उंची वाढायची थांबली की उतरतो. पाय वाकलेले असतील, हाडं दुखत असतील, तर मात्र मुडदूस आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्या.

आम्हाला खरी धास्ती उलट चुकीची वाटते. दोन वर्षांच्या बाळाचं क्रिएटिनिन ०.९ आलं, तर ते मोठ्यांच्या ०.६ ते १.२ मध्ये बिनबोभाट बसतं, ‘एच’ उमटतच नाही. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, ते बाहेर टाकते किडनी, आणि एवढ्याशा बाळाला स्नायू ते कितीसे! त्या वयात ०.२ ते ०.४ अपेक्षित. ०.९ म्हणजे किडनीचं काम निम्म्याहून खाली आल्याची खूण. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : मुलांच्या मर्यादा ठरवतात कशा? आमच्या छोट्या लॅबला ते जमेल? – लॅब टेक्निशियन, नांदेड

उत्तर : ताप, औषधं, जुनाट आजार असलेली मुलं वगळून प्रत्येक वयोगटात किमान १२० निरोगी मुलं लागतात, मुलगे-मुलींत फरक पडत असेल तर दोघांचे १२० वेगळे. आकडे चढत्या क्रमाने मांडायचे. तिसरा आकडा ही खालची मर्यादा, ११८वा ही वरची. धडधाकट तान्ह्या बाळाला सुई टोचू देणारे आईबाप शोधणं हेच यातलं अवघड काम. टोरांटोच्या ‘कॅलिपर’ प्रकल्पाने ते हजारो मुलांवर केलंय.

तुम्ही १२० च्या मागे लागू नका. तुमच्याच मशीनवर, तुमच्याच पद्धतीने काढलेल्या प्रकाशित मर्यादा घ्या (क्रिएटिनिन मोजायच्या दोन पद्धती आहेत : जाफे आणि एन्झाइम; जाफे पद्धतीचं क्रिएटिनिन लहान मुलांत एन्झाइम पद्धतीपेक्षा चढं येतं, तिथे उसनवारी चालत नाही) आणि २० निरोगी मुलांवर पडताळा. दोनपर्यंत आकडे बाहेर गेले तर चालेल. तीन किंवा जास्त गेले तर नवी २० मुलं घ्या. तिथेही तसंच झालं तर ती मर्यादा सोडा.

नमुना बिघडला तर ही सगळी मेहनत फुकट. बोट पिळून रक्त काढलं की पेशी फुटून पोटॅशियम चढतं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं, पोटॅशियम असलेलं रसायन (ईडीटीए) असतं; तिच्यातलं जास्तीचं रक्त लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये ओतलं, तर पोटॅशियम चढतं आणि कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज पडतं. असा नमुना टाकून द्या.

प्रश्न : तीन वर्षांच्या नातवाचे लिम्फोसाइट ५८ टक्के, न्यूट्रोफिल ३४. काळजीचं आहे का? – एक आजोबा, चिपळूण

उत्तर : एकूण पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट ठीक असतील तर नाही. हे दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत लिम्फोसाइटच जास्त असतात, मग पारडं न्यूट्रोफिलकडे फिरतं.