झाड तुमचं, कोयता कुणाचा?

परसदार : वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

प्रश्न : काकू, नमस्कार. कोल्हापुरात सानेगुरुजी वसाहतीत आमचं बैठं घर आहे. अंगणात वडिलांनी लावलेला रायवळ आंबा आणि कंपाउंडला लागून शेवगा. आंब्याची एक फांदी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर गेलीय, दुसरी खांबावरून घरात येणाऱ्या वायरीला टेकायला आलीय. आजवर वळवाच्या आधी मीच शिडी लावून कोयत्यानं छाटत आलो. यंदा मला 58 पुरी झाली. बायको म्हणते, शिडीला हात लावायचा नाही. पुण्याहून मुलगा फोनवर तिचीच री ओढतोय. चौकशी केली तर एका गड्यानं सांगितलेली मजुरी ऐकून डोळे पांढरे झाले. दुसरा म्हणतो, एक पैसा नको, लाकूड तेवढं आम्ही नेतो. मला हा दुसरा पटतोय. तुमचं मत काय?

उत्तर : बायकोचं ऐका आणि त्या दुसऱ्या गड्याला चहा पाजून वाटेला लावा.

फुकट कापणाऱ्याला त्याची मजुरी लाकडातनं सोडवायची असते. लाकूड असतं जाड, सरळ, निरोगी फांदीत. तुम्हाला काढायची असते वाळकी, किडकी, पत्र्यावर घासणारी. तसली काटकी आपल्या बंबात जाईल, वखारीत तिला कोण विचारतो? त्यामुळं टेम्पो भरेपर्यंत त्याचा हात थांबत नाही, आणि संध्याकाळी आंब्याच्या जागी खांब उभा असतो. असा बोडका केलेला आंबा आमच्या गल्लीत आहे. पावसाळ्यात त्याला जोरात फुटवे आले, मालक खूश. पण हे फुटवे सालीलगतच्या थरातून निघालेले असतात. जुन्या फांदीचं बूड जसं खोडात रुतलेलं असतं तसं यांचं नसतं. चार-पाच वर्षांनी मनगटाएवढे झाले की वाऱ्यात बुडापासून निखळतात. धोका टाळायला छाटलं आणि उलट वाढवून ठेवला म्हणायचा.

तेव्हा कोयता तुमच्या हातात असो की गड्याच्या, कुठली फांदी काढायची आणि कुठपर्यंत, हे मात्र तुम्हीच ठरवायचं. झाडाभोवती सावकाश फिरून बघा. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, पोकळ वाजणाऱ्या फांद्या आधी. एका वर्षात झाडाच्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा म्हणजे डोक्यावरून पाणी. त्याच्या आतच राहा. जी काढायची तिला जुन्या साडीची चिंधी बांधा, उंच असेल तर काठीनं अडकवा. गडी आला की सांगा, चिंधी नाही तिथं करवत नाही.

आता तुमच्या वाटचं काम. शेवगा बिनधास्त तुम्ही छाटा. शेंगा संपल्या की हाताला येईल एवढ्या उंचीवर कापला तरी तो पुन्हा फुटतो, आणि पुढच्या शेंगा आकडी न लावता निघतात. मात्र त्यावर चढू नका आणि त्याला शिडीही टेकवू नका. शेवग्याचं लाकूड इतकं ठिसूळ की मांजर चढलं तरी मला काळजी वाटते. आंब्याचंही, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून लांब दांड्याच्या करवतीनं पोचतं तेवढं आणि मनगटाहून बारीक असेल तेवढं तुम्ही करा. चीक अंगावर उडाला तर कातडी भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला. पाल्यात तांबड्या मुंग्यांची शिवलेली घरटी आहेत का, कुठं पाखराची पिल्लं आहेत का, मोहोळ आहे का, हे आधी बघा. आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी काम बंद.

वायरीकडची फांदी तुमचीही नाही आणि गड्याचीही नाही. महावितरणला 1912 वर फोन करा, नाहीतर जवळच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. वायरमननं लाइन बंद केल्याशिवाय त्या बाजूला कुणी चढायचं नाही. ओल्या फांदीतून वीज येते; अॅल्युमिनियमच्या शिडीतून तर येतेच येते. पावसाआधी त्यांचं फांद्या तोडायचं काम चालूच असतं, तुमची त्यात बसवून घ्या. फक्त ते आले की तुम्ही घरी असा. त्यांना वायर मोकळी करायची असते, आंब्याचा आकार सांभाळणं हे काही त्यांचं काम नाही.

पत्र्यावरची फांदी माणूस लावूनच काढा. 6 इंच जाड आणि 10 फूट लांब ओला ओंडका 50 किलोच्या घरात भरतो, पाला वेगळा. तो शिडीवर उभं राहून एका हातानं सावरायचा म्हणजे शेजाऱ्याचा पत्रा जाणारच, शिडीही जाईल. दोर बांधून, वरच्या बेचक्यातून घेऊन, खाली दोघांनी धरून सावकाश सोडायची असते ती.

कापही नीट सांगून करून घ्या. खोडापासून फूटभर लांब, आधी खालच्या बाजूनं, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतका. मग त्याच्या दोन-तीन बोटं पुढं वरून. फांदी पडते ती खालच्या कापापाशी तुटते, खोडाची साल सोलत खाली येत नाही. राहिलेला ठोंबा शेवटी काढायचा. त्यासाठी खोडाला जिथं फांदी जोडलेली असते तिथं बोट फिरवून बघा; सुरकुत्यांची फुगीर वळी लागते. ती वळी शाबूत ठेवून तिच्या कडेनं काप घ्यायचा. जखम भरून आणायचं काम तीच वळी करते. खोडाशी सपाट कापलं की दिसायला झकास, पण जखम मोठी होते आणि भरत नाही. मग पावसात तिथं कूज शिरते, खोड पोखरणारा भिरूड किडाही वास काढत येतो. कोयत्याचे घाव घालून ठोंबा फाटका सोडणारे तर अर्ध्या कोल्हापुरात आहेत.

कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, याच प्रमाणात तुम्हाला लागेल तेवढी. प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात करा, लोखंडी बादलीत नको. तयार झाल्यावर लोखंडी खिळा बुडवून बघा; त्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवा.

वेळेचं म्हणाल तर वाळकं आणि धोक्याचं आत्ताच. बाकीची विरळणी आंबा उतरून झाल्यावर लगेच, झड लागायच्या आत उरका. दिवाळीपर्यंत ढकललंत तर नवी पालवी जून व्हायला वेळ मिळणार नाही आणि मोहर रुसेल.

आणि हो, कागद. महापालिका हद्दीत 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते, आणि त्या कायद्यात ‘तोडणे’ यात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. बारीकसारीक छाटणीला कुणी हरकत घेत नाही, पण जाड फांदी उतरवायच्या आधी महापालिकेच्या उद्यान विभागात फोटो जोडून अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. शेजाऱ्यांनाही आधी सांगा. फांदी त्यांच्या पत्र्यावर आहे, काम चालू असताना गाडी तिथून काढायला त्यांनाच लागेल.

महागड्या गड्याला एकदा घरी बोलवा. आल्या आल्या तो वर बघत झाडाला फेरी मारतोय की गेटातून टेम्पो आत येईल का ते मापतोय, एवढ्यावर मला माणूस कळतो. दोर कुठला आणणार, स्वतःला कुठं बांधणार, खाली कोण धरणार, हे विचारा. सरळ उत्तरं आली तर त्याचा दर वाजवी समजा. घासाघीस फांद्या उचलून नेण्यावर करा. आंब्याचा पाला तुमच्याच खड्ड्यात जिरेल. शेवग्याचा पाला शेरडं राखणारं कुणीही आनंदानं नेईल.

प्रश्न : मावशी, राजारामपुरीत आमच्या बंगल्यामागं जांभूळ आहे. मोबाइलवर बॅटरीवरची छोटी चेनसॉ बघितली, स्वस्तात आहे. घेऊ का?

उत्तर : नको गं. जांभळाची फांदी वरून टणक दिसते आणि पाय दिला की काडकन मोडते. त्यात हातात चालू यंत्र! पात्याचं टोक कशाला अडलं की चेनसॉ उसळून तोंडाकडं येते, छोटी असली तरी. त्याच पैशात लक्ष्मीपुरीतनं एक चांगली सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, घडीची करवत आणि जाड हातमोजे आण. तेवढ्यात जे कापता येत नाही ते तुझं काम नव्हे.

प्रश्न : नारळ उतरवायला येणारा गडी दर खेपेला हिरव्या झावळ्याही काढतो. म्हणतो, झाड साफ राहतं. बरोबर का? (कळंब्याहून एक वाचक)

उत्तर : साफ राहतं आणि उपाशीही राहतं. प्रत्येक झावळीच्या बेचक्यातून एक पोय, म्हणजे फुलांचा तुरा, येते. हिरवी झावळी काढली की त्या पोयीचा आधार आणि अन्न दोन्ही गेलं. शिवाय ताज्या कापाच्या वासानं सोंड्या भुंगा येतो, आणि तो एकदा गाभ्यात शिरला की नारळ वाचवणं अवघड. वाळून लोंबणाऱ्या झावळ्या, जुन्या पोयींची काटकं आणि वाळके नारळ एवढंच काढायचं. चढायच्या आधीच त्याला सांगा, मजुरी तेवढ्याचीच मिळेल. काढलेल्या झावळ्यांचे हीर मात्र सोडू नका, बाजारात खराट्याला काय दर लावतात ते एकदा विचारून बघा.